हया, मौन आणि मिंबर

मदीनेतील अन्सारी महिला हजरत उम्मे सुलैम (रजि.) एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या. सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करीत नाही, अशी त्यांनी आधी प्रस्तावना केली आणि मग विचारले की, स्त्रीला स्वप्नदोष झाला तर तिच्यावर गुस्ल बंधनकारक होते काय? प्रेषितांनी (स.) प्रश्न टाळला नाही किंवा विचारणारीला दटावलेही नाही. त्यांनी नेमके आणि सरळ उत्तर दिले. तेथे उपस्थित असलेल्या हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी लाजेने चेहरा झाकून घेतला, परंतु त्या उठून गेल्या नाहीत, त्यांनीही आपली शंका विचारली आणि तिचेही निरसन झाले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. हजरत आयशा (रजि.) अन्सारी स्त्रियांची प्रशंसा करीत असत की, धर्म समजून घेण्याच्या मार्गात त्यांची लज्जा कधी आड आली नाही.

असाच एक प्रसंग हजरत अली (रजि.) यांचा आहे. शरीरधर्माशी संबंधित एक प्रश्न त्यांना वारंवार अडवीत होता. परंतु ते प्रेषितांचे जावई. स्वतः विचारण्याचा त्यांना संकोच वाटला. म्हणून त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांच्याकरवी तो विचारून घेतला. संकोच त्यांनी जपला, पण प्रश्न मात्र सोडून दिला नाही.

हया हा ईमानाचा एक भाग आहे, ही शिकवण ज्या प्रेषितांनी दिली, त्यांच्याच मजलिसीत हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे मिळाली. यावरून उघड होते की हयेचा संबंध बोलण्याच्या रीतीशी होता. अज्ञानात राहण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

वाचकहो, आज एक नाजूक विषय आपणासमोर मांडावयाचा आहे. लैंगिकतेविषयी धर्मोपदेशकाने मिंबरावरून काय बोलावे, कसे बोलावे, आणि तो गप्प राहिला तर त्या मौनाची किंमत कोण मोजतो? आपल्याकडे हा प्रश्न अजून चर्चेपुरताच राहिला आहे. आफ्रिका खंडातील धर्मोपदेशकांपुढे मात्र गेल्या चार दशकांत तो जनाज्यांच्या रांगा घेऊन उभा राहिला. एचआयव्ही विषाणू आणि त्यातून उद्भवणारा एड्स यांनी आजवर जगभरात चार कोटींहून अधिक बळी घेतले, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील होते. त्या खंडाच्या दक्षिण व पूर्व भागात ख्रिस्ती समाज मोठा असल्याने या परीक्षेला प्रथम सामोरे जावे लागले ते तेथील चर्चना. त्यांचा अनुभव आपण का वाचावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, विवाहबाह्य संबंध निषिद्ध मानण्यात ग्रंथधारक आणि आपण यांच्यात मतभेद नाही. एकच आज्ञा हाती असताना ती सांगण्यात त्यांच्याकडून जे चुकले, ते आपल्याकडूनही चुकू शकते. आणि जे त्यांनी सुधारले, त्यापासून आपणही काही शिकू शकतो.

एका पाद्रीची तपासणी

गिडियन ब्यामुगिशा हे युगांडातील अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. १९९१ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मृत्यूचे कारण एड्स होते हे नंतर कळले. त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि त्यांच्याही रक्तात विषाणू आढळला. १९९२ मध्ये त्यांनी ही गोष्ट उघडपणे सांगितली. आपण एचआयव्हीबाधित आहोत, असे जाहीर करणारे आफ्रिकेतील पहिले धर्मगुरू म्हणून ते ओळखले जातात. त्या काळी हे किती कठीण होते, याची कल्पना करून पाहा. व्यासपीठावर उभा राहून जो इतरांना पावित्र्याचा उपदेश करतो, त्याच्याच अंगी तो आजार निघावा, ज्याला लोक पापाचे प्रमाणपत्र समजत होते!

ब्यामुगिशा यांनी पुढे अशाच इतर धर्मगुरूंना एकत्र आणले आणि प्रचलित प्रचारावर एक मूलभूत आक्षेप घेतला. संयम पाळा, निष्ठावान राहा, ते जमत नसेल तर कंडोम वापरा, अशी त्या काळच्या प्रचाराची तीन पायऱ्यांची मांडणी होती. वरकरणी तीत काहीही गैर नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात तिचा एक उलटा अर्थ आपोआप तयार होतो. ज्याला आजार झाला त्याने संयम पाळला नसेल, तो निष्ठावान नसेल! म्हणजे पहिली दोन पावले चुकलेला आणि तिसरेही न जमलेला, असा तिहेरी शिक्का त्याच्या कपाळी बसतो. मग तपासणीला कोण जाईल? आणि तपासणीच झाली नाही, तर आजार थांबणार कसा?

या आक्षेपाचे गांभीर्य लक्षात यावयाचे असेल, तर एक वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी लागेल. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. त्यांतील असंख्य स्त्रियांनी आयुष्यात आपल्या पतीखेरीज कोणाचाही स्पर्श जाणला नव्हता. खाणीत, मळ्यावर किंवा दूरच्या शहरात कामाला गेलेला पती परतताना आजार घेऊन आला आणि तो तिच्या ओटीपर्यंत पोहोचला. दर रविवारी ती प्रार्थनेला जात होती. निष्ठावान राहा, हे प्रवचन तिने शंभर वेळा ऐकले होते आणि ते पाळलेही होते. तिला त्या प्रवचनाने काय दिले?

वाचकहो, माझ्या मते या संपूर्ण विषयाची कसोटी येथेच आहे. लैंगिकतेविषयी आपण जे प्रवचन करतो ते मोहात पडलेल्या तरुणासाठी पुरेसे आहे काय, हे आपण नेहमी तपासतो. ते निष्पाप पत्नीसाठी पुरेसे आहे काय, हे तपासण्याचे मात्र विसरतो.

नोव्हेंबर २००१ मध्ये चर्चच्या जागतिक परिषदेच्या पुढाकाराने नैरोबी येथे आफ्रिकेतील चर्चप्रतिनिधींची बैठक झाली. आजाराभोवतीचा कलंक वाढविण्यास चर्चचे स्वतःचे मौन आणि कठोर शब्द कारणीभूत ठरले, हे तेथे मान्य करण्यात आले. कोणत्याही धर्मसंस्थेला असे कबूल करणे सोपे नसते. आपण त्याची नोंद आदराने घेतली पाहिजे.

हदीस आणि निवाडा

आता आपल्या घराकडे वळू या. एड्सचा विषय निघाला की आपले अनेक वक्ते इब्ने माजा यांनी नोंदविलेली एक हदीस सांगतात. ज्या समाजात अश्लीलता उघडपणे बोकाळते, त्या समाजात पूर्वजांनी कधी न पाहिलेले रोग पसरतात, असा तिचा आशय आहे. हा इशारा सत्य आहे आणि तो दिलाच पाहिजे. वेश्याव्यवसाय, व्यभिचार आणि अमली पदार्थ यांच्याशी या साथीचा असलेला संबंध कोणताही डॉक्टर नाकारणार नाही.

परंतु हा इशारा समाजासाठी आहे. तो कोणा एका रुग्णाविरुद्ध दिलेला निवाडा नाही. या दोहोंतील अंतर विसरले की धर्माच्या नावाने अन्याय सुरू होतो. कुरआनचा या बाबतीतला कटाक्ष पाहा. सूरह अन्नूरच्या चौथ्या आयतीत, एखाद्या शीलवान स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे आणि त्याची साक्ष पुढे कधीही स्वीकारू नये असे बजावले आहे. चार प्रत्यक्ष साक्षीदार! आणि आपण काय करतो? रक्ततपासणीचा एक कागद पाहतो आणि चौघांऐवजी त्या एका कागदाला साक्षीदार करतो. वास्तविक तो कागद एवढेच सांगतो की रक्तात विषाणू आहे. तो तेथे कसा आला हे तो सांगत नाही. तो दूषित सुईतून आला असेल, तपासणी न केलेल्या रक्तातून आला असेल, आईच्या उदरातून किंवा तिच्या दुधातून आला असेल, हलाल निकाहातील जोडीदाराकडून आला असेल. जे तो कागद सांगत नाही ते आपण सांगू लागलो, तर सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत निषिद्ध ठरविलेल्या तिन्ही गोष्टी एकाच दमात करतो : वाईट संशय, टेहळणी आणि पाठीमागे निंदा.

आणि समजा, आजार खरोखर पापातूनच आला असेल, तर? तरीही आपले कर्तव्य बदलत नाही. प्लेगविषयी हजरत आयशा (रजि.) यांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, पूर्वीच्या लोकांसाठी ती शिक्षा होती, परंतु श्रद्धावंतांसाठी अल्लाहने तिला कृपा बनविले आहे. एकच साथ, पण सोसणाऱ्याच्या अंतःकरणानुसार तिचा अर्थ बदलतो. तो अर्थ जाणणारा अल्लाह आहे. शेजारी नव्हे, खतीबही नव्हे. सूरह जुमरच्या त्रेपन्नाव्या आयतीत तर, ज्यांनी आपल्याच जिवावर अत्याचार केला त्यांनाही अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका असे सांगितले आहे. अल्लाहने उघडे ठेवलेले दार बंद करणारे आपण कोण?

तरुणाच्या छातीवर ठेवलेला हात

यावर कोणी म्हणेल की, अशाने पापाचे गांभीर्य कमी होईल. ही शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर प्रेषितांच्या आचरणात सापडते. हजरत अबू उमामा (रजि.) यांच्याकडून मुस्नद अहमदमध्ये आलेला तो प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक तरुण भर मजलिसीत येऊन व्यभिचाराची परवानगी मागतो. लोक त्याच्यावर धावून जातात. प्रेषित (स.) त्याला जवळ बोलावतात, बसवितात आणि विचारतात की, तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला आवडेल काय? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या? मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणतो आणि प्रत्येक वेळी प्रेषित (स.) त्याला सांगतात की, इतर लोकांनाही ते आवडत नाही. शेवटी त्याच्या छातीवर हात ठेवून ते त्याच्यासाठी क्षमेची, हृदयशुद्धीची आणि शीलरक्षणाची दुआ करतात.

येथे आज्ञेत तसूभरही सूट नाही. तो तरुण परवानगी घेऊन गेला नाही. परंतु तो अपमानही घेऊन गेला नाही. त्याची वासना त्याला बोलता आली, तिचे परिणाम त्याच्याच तोंडून त्याला उमगले आणि तो मजलिसीबाहेर फेकला गेला नाही. आपल्या मस्जिदीत एखादा तरुण इमामसाहेबांना असा प्रश्न विचारू शकेल काय? विचारू शकत नसेल, तर तो कोणाला विचारतो? आज याचे उत्तर आपणा सर्वांना माहीत आहे. तो त्याच्या खिशातील मोबाइलला विचारतो, आणि तो मोबाइल त्याच्या छातीवर हात ठेवत नाही.

सूरह बनी इस्राईलच्या बत्तिसाव्या आयतीत व्यभिचाराच्या जवळही जाऊ नका असे म्हटले आहे. जवळ जाऊ नये म्हणून वाट कोठून कोठे जाते हे आधी ठाऊक हवे. सूरह अन्नूरच्या तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना दिली आहे. स्त्रियांचा उल्लेख त्यानंतरच्या आयतीत आहे. आपल्या प्रवचनांत हा क्रम पुष्कळदा उलटतो. स्त्रीच्या पोशाखावर तासभर आणि पुरुषाच्या नजरेवर दोन मिनिटे! ज्या साथीत असंख्य बायका नवऱ्यांकडून आजारी पडल्या, तिच्यासमोर हा उलटा क्रम फार महाग पडतो.

निरोधाचा प्रश्न

आता या विषयातील सर्वांत वादग्रस्त भागाकडे येऊ. कंडोम अर्थात निरोध याविषयी धर्मोपदेशकाने बोलावे काय?

कॅथलिक चर्चमध्ये या प्रश्नावर जो विचारमंथनाचा प्रवास झाला तो बोधप्रद आहे. त्या चर्चला गर्भनिरोधाची कृत्रिम साधने विवाहातही मान्य नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील रुस्टेनबर्ग येथील तेव्हाचे बिशप केव्हिन डाउलिंग यांच्या परिसरात प्लॅटिनमच्या खाणी होत्या. खाणींभोवतीच्या झोपड्यांतून पोराबाळांच्या पोटासाठी देह विकणाऱ्या स्त्रिया त्यांनी मरताना पाहिल्या. येथे निरोधाचा प्रश्न जीव रोखण्याचा नसून जीव वाचविण्याचा आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. जुलै २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने सरसकट निरोधप्रचार नाकारला. परंतु पती-पत्नींपैकी एक बाधित असेल तर त्या जोडप्याने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून संरक्षणाचा मार्ग ठरवावा, एवढी वाट मोकळी ठेवली. मार्च २००९ मध्ये कॅमेरूनला जाताना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी निरोधाने समस्या वाढते असे विधान केले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी असे मान्य केले की, देहविक्रय करणाऱ्याने दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून तो वापरला, तर जबाबदारीच्या जाणिवेचे ते पहिले पाऊल असू शकते.

परंतु याच वादात एक गोष्ट घडली, जी कोणत्याही धर्माच्या उपदेशकाने विसरू नये. २००३ मध्ये व्हॅटिकनच्या एका ज्येष्ठ कार्डिनलने सांगितले की, विषाणू निरोधाच्या आवरणातून आरपार जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे म्हणणे चुकीचे असल्याचे तत्काळ स्पष्ट केले. हेतू कदाचित चांगला असेल, लोकांना पापापासून दूर ठेवण्याचा असेल. तरी असत्य ते असत्यच. असत्य साक्ष देण्याची परवानगी चांगल्या हेतूलाही नाही. शिवाय ज्या दिवशी श्रोत्याला कळते की उपदेशकाने या बाबतीत खरे सांगितले नाही, त्या दिवसापासून तो आखिरतविषयीच्या त्याच्या शब्दांवरही शंका घेऊ लागतो.

इस्लामी फिक्हची भूमी या बाबतीत वेगळी आहे. गर्भ राहू नये म्हणून समागम अपुरा सोडण्याच्या प्रथेला अज्ल म्हणतात. कुरआन अवतरत असतानाही आम्ही ते करीत होतो, असे हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिममध्ये नोंदविलेले आहे. त्यावरून बहुसंख्य फुकहांनी पती-पत्नींमध्ये अज्ल वैध ठरविले, अनेकांनी पत्नीच्या संमतीची अट घालून. यावर कियास करून निकाहाच्या चौकटीत निरोधाचा वापर अनेक समकालीन उलेमांनी जायज मानला आहे. मग पती किंवा पत्नी बाधित असेल, तर प्रश्न जायज असण्यापुरता राहत नाही. कोणाला इजा पोहोचवू नये आणि बदल्यातही इजा करू नये, ही प्रेषितांची शिकवण आणि सूरह बकराच्या एकशे पंचाण्णवाव्या आयतीत आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका ही ताकीद यांच्या प्रकाशात ते संरक्षण कर्तव्याच्या जवळ जाते.

निकाहाबाहेर काय? येथे मन अडखळते, आणि अडखळावे. वाईटाकडे जाणारी वाट आधीच बंद करावी, हे शरीअतचे मान्य तत्त्व आहे. मिंबरावरून निरोधाची महती सांगणे म्हणजे ती वाट उघडणे होय, असे म्हणणाऱ्या उलेमांची चिंता मी हलकी मानत नाही. माझ्या अल्पमतीला जे समजते ते असे. मिंबराचे पहिले व ठाम वाक्य शीलरक्षणाचेच असले पाहिजे. ते सौम्य करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पाप करणाऱ्याने आपल्या पापात दुसऱ्याच्या जिवाची हानी मिसळू नये, हे सांगणे म्हणजे पापाची परवानगी देणे नव्हे. मद्य पिऊ नये असे सांगणारा माणूस, प्यालेल्याला निदान गाडी तरी चालवू नकोस म्हणून अडवितोच. त्यामुळे मद्य हलाल होत नाही. दोन अनिष्टांपैकी मोठे अनिष्ट टाळावे, हा फिक्हचाच नियम आहे.

सेनेगाल या मुस्लिमबहुल देशात एक व्यवहार्य विभागणी झाली. १९९५ मध्ये तेथील मुस्लिम धर्मनेत्यांची या विषयावर परिषद झाली. इमामांनी संयम व निष्ठा यांवर भर दिला, वैद्यकीय माहिती डॉक्टरांवर सोपविली आणि डॉक्टरांच्या कामाला विरोध केला नाही. त्या देशात संसर्गाचे प्रमाण दीर्घकाळ एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहिले. याचे श्रेय एकट्या इमामांना देणे बरोबर होणार नाही. लवकर उचललेली सरकारी पावले, सुरक्षित रक्तपेढ्या आणि सामाजिक शिस्त यांचाही त्यात वाटा होता. परंतु मिंबर आणि दवाखाना एकमेकांविरुद्ध उभे राहिले नाहीत, ही गोष्ट मोलाची होती.

युगांडाचे इमाम

याहून पुढचे उदाहरण युगांडातील इमामांचे आहे. तेथे मुस्लिम अल्पसंख्य आहेत. १९८८ मध्ये मुस्लिम डॉक्टरांनी आपली वैद्यकीय संघटना स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी देशाच्या मुफ्तींनी एड्सविरुद्ध जिहाद पुकारला. १९९२ पासून या डॉक्टरांनी गावोगावच्या इमामांना प्रशिक्षण दिले. प्रत्येक मस्जिदीबरोबर पुरुष व महिला स्वयंसेवक नेमले गेले आणि ते घरोघरी जाऊ लागले. पुरुष पुरुषांशी बोलत, स्त्रिया स्त्रियांशी. हया जपली गेली आणि प्रश्नांना उत्तरेही मिळाली, हजरत मिकदाद (रजि.) यांनी जे काम एका व्यक्तीसाठी केले, ते येथे संपूर्ण समाजासाठी झाले.

सुरुवातीला निरोधाचा विषय इमामांना मान्य नव्हता. दीर्घ चर्चेनंतर त्याची जबाबदार माहिती देणे इस्लामी शिकवणुकीच्या विरोधात नाही, असे त्यांनी स्वीकारले. आणखी दोन बाबी तर केवळ मुस्लिम समाजालाच सुचू शकल्या असत्या. एकाच वस्तऱ्याने अनेक मुलांची खतना करण्यातील धोका त्यांनी लोकांना समजाविला, आणि एड्सने मरण पावलेल्याच्या मय्यतीला हातमोजे वापरून सुरक्षितपणे गुस्ल कसा द्यावा हे शिकविले. भीतीपोटी मय्यतीला गुस्लाविना दफन करणे हा मृतावर अन्याय. बेफिकिरी हा जिवंतावर अन्याय. ज्ञानाने दोन्ही टाळता आले. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने १९९८ मध्ये या उपक्रमावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करून तो इतरांसाठी नमुना म्हणून मांडला.

खतनेचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर केलेला बरा. खतनेमुळे पुरुषाला स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, असे आफ्रिकेतील चाचण्यांत दिसले आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. परंतु ती ढाल नाही. उरलेला धोका कायम राहतो. आणि बाधित पतीची खतना त्याच्या पत्नीला वाचवीत नाही.

पाप झाकता येते, धोका नाही

आपल्या शिकवणुकीत दोष झाकण्याला मोठे स्थान आहे. हजरत माइज (रजि.) यांना कबुलीसाठी पाठविणाऱ्या हज्जाल (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की, तू त्याला आपल्या वस्त्राने झाकले असतेस तर तुझ्यासाठी अधिक चांगले झाले असते. म्हणून कोणी विचारील की, बाधित पतीने आपली गोष्ट झाकून ठेवली तर काय बिघडले?

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. पाप झाकता येते. धोका झाकता येत नाही. आजार कोणत्या चुकीतून आला हा बंदा आणि त्याचा पालनकर्ता यांच्यातील विषय आहे. तौबा तेथे होईल. परंतु आपल्या रक्तात विषाणू आहे ही माहिती पत्नीचा हक्क आहे, कारण तिच्या जिवाचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. ओले धान्य ढिगाखाली लपविणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) बजावले होते की, फसविणारा आमच्यातील नाही. धान्याच्या ढिगाला जो न्याय, तो निकाहाला नसेल काय? कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्राचे काम झाकण्याचे आहे तसेच रक्षणाचेही आहे. ज्या वस्त्रातून विष अंगाला लागते ते वस्त्र कसले?

म्हणून निकाह ठरविताना मुलाची नोकरी, घर आणि घराणे यांची चौकशी करणाऱ्या वलींनी दोन्ही बाजूंच्या तपासणीचाही संकोच बाळगू नये. जी पत्नी पतीकडे तपासणीचा किंवा संरक्षणाचा आग्रह धरते तिला उद्धट किंवा संशयी ठरवू नये; ती अल्लाहने दिलेल्या जिवाची अमानत सांभाळत आहे.

देशात एचआयव्हीबाधितांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. कामासाठी घरापासून महिनोन्महिने दूर राहणारे ट्रकचालक, कारागीर आणि मजूर आपल्या समाजातही आहेत. मौनाचा दोषही आपल्या एकट्याचा नाही. २००७ मध्ये याच राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विरोधातून बंदी आली होती. त्या बंदीने मुलांचे प्रश्न थांबले नाहीत. प्रश्न विचारण्याची जागा तेवढी बदलली.

आता वैद्यकशास्त्र बरेच पुढे गेले आहे. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत तपासणी व समुपदेशन मोफत मिळते, आणि २००४ पासून औषधोपचारही मोफत सुरू झाले. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा होतो, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. बाधित आईला वेळेवर औषध मिळाले तर बहुतांश बाळे निरोगी जन्मतात. २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करणे आणि संमतीविना त्यांची ओळख उघड करणे बेकायदा ठरविले आहे. अशा वेळी केवळ दुआ-तावीजवर विसंबून औषध सोडणे किंवा सोडावयास लावणे हा गंभीर अपराध आहे. आफ्रिकेतील काही पंथांच्या पाद्र्यांनी चमत्काराच्या नावाखाली हेच केले आणि माणसे हकनाक मेली. उपचार करा, हा आदेश प्रेषितांचा (स.) आहे, दुआ त्याच्या सोबतीला आहे, त्याच्या जागी नाही.

आपल्याला काय करता येईल? वर्षातून दोन-तीन जुम्यांचे खुतबे शील, नजर, वैवाहिक हक्क आणि आजारपण यांवर मोजक्या, सभ्य शब्दांत देता येतील. मस्जिदीत तरुणांसाठी आणि महिलांच्या इज्तिमात महिलांसाठी, विश्वासू मुस्लिम डॉक्टर व आलिमा यांच्या स्वतंत्र बैठका घेता येतील. आणि मोहल्ल्यात एखादा बाधित असेल, तर तो सफेत आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहू शकेल, त्याच्या घरचे अन्न आपण खाऊ शकू, त्याच्या मय्यतीला आपण हात लावू, एवढा निर्धार प्रत्येकाला करता येईल. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने किंवा वजूच्या हौदातून हा आजार पसरत नाही.

वाचकहो, उम्मे सुलैम (रजि.) प्रश्न घेऊन आल्या तेव्हा त्यांना खात्री होती की, येथे आपल्याला उत्तर मिळेल आणि आपली प्रतिष्ठाही राखली जाईल. आपल्या मस्जिदीविषयी ही खात्री आज किती जणींना आहे? पतीच्या आजाराची कुणकुण लागलेली एखादी तरुण स्त्री उद्या आपल्यापैकी कोणाच्या दारी आली, तर तिला सब्र करण्याचा उपदेश करून आपण परत पाठवू, की तिचा हक्क तिला सांगून दवाखान्यापर्यंत सोबत देऊ? एका जिवाला वाचविणे हे सर्व मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, असे सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीत सांगितले आहे. तो एक जीव कदाचित आपल्याच मोहल्ल्यात, आपल्या बोलण्याची वाट पाहत असेल.

अल्लाह आपणा सर्वांना शील जपण्याचे बळ, सत्य सांगण्याचे धैर्य आणि आजाऱ्याला जवळ घेण्याइतके मोठे मन देवो. आमीन.